अडीच सेंटांचा प्रश्न

ब्लूज संगीताच्या इतिहासावर जे लिहिले जाते त्यात एक वाक्य हमखास आढळते. १९४१ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील एका कापसाच्या मळ्यावर मडी वॉटर्स या गायकाचा शोध लागला, असे ते वाक्य आहे. कोलंबसाला अमेरिकेचा शोध लागला असे आपण शाळेत पाठ केले, त्याच जातकुळीचे हे वाक्य. ज्यांचा शोध लागला म्हणतात ते मडी वॉटर्स हरवलेले नव्हते. दर शनिवारी रात्री पंचक्रोशीतील शेतमजूर त्यांच्या गिटारवर पहाटेपर्यंत नाचत. त्या मुलुखातील कोणत्याही मजुराला विचारले असते, तर त्याने त्यांच्या खोपटाची वाट दाखविली असती. मग शोध लागला तो कोणाला, आणि त्या शोधाचा लाभ कोणाच्या पदरी पडला, हा प्रश्न विचारणे आम्हास अगत्याचे वाटते.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. मडी वॉटर्स यांना मोठे करणारी घटना १९४१ साली घडली नाही. ती १९४३ साली घडली आणि तिचा संगीताशी काडीचाही संबंध नव्हता. तो ताशी मजुरीत अडीच सेंटांची वाढ मागण्याचा प्रश्न होता. संगीताचे अभ्यासक या प्रसंगाचा उल्लेख करून पुढे जातात. आम्ही मात्र तेथेच थांबणार आहोत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ब्लूज ऐकले नसेल, म्हणून दोन शब्द. दक्षिण अमेरिकी राज्यांतील कृष्णवर्णीय शेतमजुरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाणे घडले. बहुधा एक माणूस आणि एक गिटार. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावावयाचा. विषय घरचेच असतात: देणे, पूर, तुरुंग, सोडून गेलेले माणूस आणि दूर जाणारी आगगाडी.

आणखी एक खुलासा. त्या मुलुखात कृष्णवर्णीय पुरुषाला त्याचे केस पांढरे होईपर्यंत गोरे लोक ‘पोऱ्या’ म्हणत आणि त्याच्या नावाआधी ‘मिस्टर’ लावणे कटाक्षाने टाळीत. म्हणून या लेखात आम्ही मडी वॉटर्स यांचा उल्लेख पहिल्या दिवसापासून आदरार्थीच करणार आहोत. लहान मुलाला अहो-जाहो केलेले कोणाला विचित्र वाटले, तर त्याने ते खुशाल वाटू द्यावे.

त्यांचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. जन्म ४ एप्रिलचा. साल ते स्वतः १९१५ सांगत, त्यांच्या थडग्यावरही तेच आहे. परंतु जुन्या कागदपत्रांत १९१३ आढळते. मालकाच्या खेचराचे वय मळ्याच्या वहीत बिनचूक लिहिलेले असे. मजुराच्या पोराची तशी नोंद कोण ठेवणार? ते तान्हेच होते तेव्हा आई वारली. आजी डेला ग्रँट यांनी त्यांना क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर आणून वाढविले. चिखलात खेळण्याची खोड होती म्हणून आजीनेच ‘मडी’, म्हणजे चिखल्या, असे नाव पाडले. पुढे सवंगड्यांनी त्याला ‘वॉटर्स’, म्हणजे पाणी, जोडले. शाळा तिसरीच्या आसपास सुटली आणि कापसाची वेचणी हाती आली.

त्या मळ्याची व्यवस्था समजल्याखेरीज पुढचे काहीच समजणार नाही. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, परंतु जमीन होती तेथेच राहिली. मुक्त झालेले लोक त्याच जमिनी वाट्याने कसू लागले. बियाणे, खेचर आणि नांगर मालकाचे, राबणारे अंग कुळाचे. वसंतापासून पीक हाती येईपर्यंत मालक खावटी देई. तीही बहुतेक मळ्यावरच्या दुकानातून, मालक म्हणेल त्या भावाने आणि मालकाच्या वहीत मांडून. वर्षाअखेर हिशेब होई. वही मालकाच्या कारकुनाजवळ, वाचता येणारा तोच. ज्या कुळाला वाचता येई त्यालाही ‘हा आकडा कोठून आला?’ असे विचारण्याची सोय नव्हती, कारण असे विचारणाऱ्याला मळा सोडावा लागे आणि कधी कधी जगही. वर्षभर राबलेले कुटुंब बहुधा देणेकरीच ठरे, आणि देणे फिटेपर्यंत जागा सोडता येत नसे. ‘खावटी’ हा शब्द आम्ही जाणून योजला आहे. त्या व्यवहाराला तिकडे नाव निराळे होते, वस्तू तीच. ज्यांच्या आजीने कधी खावटी उचलली आहे त्यांना हा परिच्छेद वाचावाही लागणार नाही.

अशा घरात वाद्य कोठून येणार? मडी यांनी आधी रॉकेलचे रिकामे डबे बडविले, मग माऊथ ऑर्गन धरला. सतरा वर्षांचे झाले तेव्हा गिटार घेण्याचे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यासाठी त्यांनी घरातला शेवटचा घोडा विकला. या सौद्याचा हिशेब त्यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. घोड्याचे सुमारे पंधरा डॉलर आले. साडेसात आजीला दिले, साडेसात आपल्याकडे ठेवले आणि त्यातले अडीच डॉलर गिटारला घातले. ती गिटार ‘स्टेला’ जातीची होती; सीअर्स रोबक या कंपनीच्या शिकागोतील कोठीतून ती टपालाने मागवीत. शेतकऱ्याच्या घरातला अखेरचा घोडा विकणे म्हणजे काय, हे मळ्यावर न राहिलेल्या लेखकांच्या ध्यानात येत नाही. ते या गोष्टीला कलेची ओढ म्हणून कौतुक करतात. आम्हास त्यात आजीला दिलेले साडेसात डॉलर अधिक महत्त्वाचे वाटतात. निम्मी रक्कम ज्याने अशी चोख मोजून दिली, त्याला हिशेब कळत होता. हा हिशेबाचा स्वभाव पुढे कामास आला.

गुरूही तेथेच भेटला. सन हाऊस नावाचे गायक, जे एकेकाळी चर्चमध्ये प्रवचन करीत, त्या भागात वाजवावयास येत. बाटलीची मान बोटात अडकवून ती तारांवरून सरकवीत सूर काढण्याची त्यांची पद्धत होती. मडी रात्रीमागून रात्री त्यांच्यासमोर जाऊन बसत आणि बोटांकडे पाहत. घरी येऊन तेच घोटून घेत. दिवसा शेत आणि रात्री हे शिक्षण, असा क्रम अनेक वर्षे चालला. हेन्री ‘सन’ सिम्स हे वयाने वडील असलेले फिडलवादक पुढे त्यांचे साथीदार झाले. दरम्यान मडी मळ्यावर ट्रॅक्टर चालवू लागले होते. मजुरांत ही वरची जागा समजली जाई. शनिवारी रात्री त्यांच्या खोपटात गुत्ता भरे. हातभट्टीची दारू, जुगार आणि गाणे असा तो बाजार होता. ही गोष्ट आमच्या वाचकांना रुचणार नाही आणि तिची भलामण करण्याचा आमचाही हेतू नाही. परंतु मालकाच्या वहीबाहेर चार पैसे मिळविण्याचा दुसरा मार्ग त्या मळ्यावर दाखवा, असे कोणी विचारले तर आम्ही निरुत्तर होऊ. आणखी एक. मालकाच्या शेतात होणाऱ्या चाऱ्याच्या पिकावर आणि त्याच्या मळ्यावर मडी यांनी एक स्तुतिगीतही रचले होते. पोट माणसाला काय काय गावयास लावते!

आता तो प्रसिद्ध १९४१ चा ऑगस्ट महिना. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी लोकगीतांचे ध्वनिमुद्रण करणारे ॲलन लोमॅक्स नावाचे गोरे तरुण आणि नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठातील कृष्णवर्णीय संगीतकार प्राध्यापक जॉन वर्क असे दोघे कोआहोमा जिल्ह्यात आले. गोरा माणूस आपल्याला शोधीत आहे असे कळताच मडी यांना वाटले, हा अबकारी खात्याचा असावा. आपली भट्टी कोणीतरी सांगितली. लोमॅक्स यांनी पाणी मागितले आणि ज्या पेल्याने मडी पाणी पीत त्याच पेल्याने ते प्याले. मडी थक्क झाले. मात्र त्यामुळे त्यांचा संशय फिटला नाही, उलट वाढला. गोरा मनुष्य आपल्या पेल्याला ओठ लावतो, तेव्हा याला आपल्याकडून काहीतरी फार मोठे काढून घ्यावयाचे आहे, असा त्यांनी तर्क केला. पुष्कळ वर्षांनी त्यांनी ही हकीकत हसत हसत सांगितली. या पेल्याचा अर्थ आमच्या वाचकांना उलगडून सांगण्याची गरज नाही.

मग यंत्र मांडले गेले. मडी यांनी आपल्या खोपटात बसून गायिले आणि थोड्याच वेळात आपलाच आवाज तबकडीवरून ऐकला. बाजारात मिळणाऱ्या तबकड्यांवरील आवाजांहून तो कमी नाही, हे त्यांना प्रथमच कळले. हा क्षण थोर होता हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यानंतर काय झाले? पाहुणे निघून गेले. महिनाभराने मडी यांच्या नावाचे चौकशीचे पत्र लोमॅक्स यांना गेले. मी तीच ती गाणी म्हणणारा; तबकड्या नीट उतरल्या का, उतरल्या असल्यास कृपा करून पाठवाव्या, अशा अर्थाचे ते पत्र आजही उपलब्ध आहे. पंचविशी उलटलेल्या त्या गृहस्थांनी पत्रात स्वतःचा उल्लेख ‘पोऱ्या’ असाच केला आहे. पुढील वर्षी, १९४२ च्या जुलैत, लोमॅक्स पुन्हा येऊन आणखी गाणी उतरवून घेऊन गेले. अखेर कधीतरी तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलरांचा धनादेश मळ्यावर पोहोचला. मडी ती तबकडी घेऊन नाक्यावर गेले, तेथल्या नाणे टाकून वाजणाऱ्या पेटीत ती घातली आणि पुनःपुन्हा ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रॅक्टर होताच.

लोमॅक्स हे दुष्ट गृहस्थ मुळीच नव्हते. त्या काळात कृष्णवर्णीय मजुराचे गाणे जपण्याजोगे आहे असे मानणारे गोरे लोक थोडेच होते आणि त्यांनी जपले म्हणून ते आज आपणास ऐकावयास मिळते. तरीपण जॉन वर्क यांचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय आमच्याने पुढे जाववत नाही. या पाहणीची मूळ कल्पना वर्क यांची होती. १९४० च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीतील नाचेझ गावी एका नृत्यगृहाला आग लागून २०९ कृष्णवर्णीय माणसे मेली. लोक या आगीवर गाणी रचतील, ती गोळा करून अभ्यासावी, अशी योजना वर्क यांनी आपल्या विद्यापीठापुढे मांडली होती. त्यातूनच कोआहोमाची पाहणी उभी राहिली. वर्क यांनी गाण्यांची स्वरलेखने केली, निबंध लिहिला. फिस्कमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाची सामाजिक पाहणी केली. हे कागद हस्तलिखितातच राहिले आणि पुढे दिसेनासे झाले. १९६७ साली वर्क वारले. १९९३ साली लोमॅक्स यांचे या प्रवासांवरील मोठे पुस्तक निघाले. त्यात वर्क यांना जेमतेम जागा आहे. फिस्कच्या अभ्यासकांचे लेखन ग्रंथरूपाने छापले गेले ते २००५ साली. म्हणजे ज्याने मडी वॉटर्स यांचा शोध लावला म्हणावयाचे, त्या दोघांपैकी एकाचाच पुन्हा शोध लावावा लागला. आणि तो एक कोणत्या रंगाचा होता हे आम्ही वर सांगितलेच आहे.

असो. आता १९४३ चे साल. युद्ध चालू होते, कापसाला मागणी होती. मडी वॉटर्स यांना ट्रॅक्टरवर ताशी साडेबावीस सेंट मिळत. त्यांनी मुकादमाजवळ पंचवीस सेंट मागितले. अडीच सेंटांची वाढ! एका डॉलरचा चाळिसावा हिस्सा. मुकादम पिसाळला. रकमेचा त्याला राग आला असेल असे आम्हास वाटत नाही, मळ्याला ती सहज परवडण्याजोगी होती. कृष्णवर्णीय मजूर समोर उभा राहून दर ठरवू पाहतो, हे त्याला सहन झाले नाही. आज दर विचारील, उद्या वही दाखवा म्हणेल. मुकादमाचे गणित त्याच्या दृष्टीने अचूक होते.

मडी घरी आले आणि आजीला त्यांनी झाले ते सांगितले. ज्या बाईने त्यांना वाढविले, जिचे म्हातारपण त्यांच्यावर अवलंबून होते, तिने काय सल्ला द्यावा? तडजोड कर, पाय धर, असे ती म्हणाली नाही. आता त्याची तुझ्यावर खप्पा मर्जी झाली आहे. काही वाईट होण्याआधी तू येथून जा, असेच तिने सुचविले. संगीताच्या इतिहासात डेला ग्रँट यांचे नाव नातवाला टोपणनाव देणारी आजी एवढ्यापुरतेच येते. आमच्या मते त्या इतिहासातील सर्वांत मोलाचा निर्णय या निरक्षर वृद्धेच्या घरात झाला. त्या मे महिन्यात एक सूट आणि गिटार घेऊन मडी क्लार्क्सडेलच्या स्थानकावर गाडीत बसले. मेम्फिसला गाडी बदलली आणि इलिनॉय सेंट्रल रेल्वेने ते शिकागोला उतरले.

ही वाट त्यांनी एकट्याने शोधली नव्हती. पहिल्या महायुद्धापासून लक्षावधी कृष्णवर्णीय त्या रेल्वेने उत्तरेकडे जात होते. ‘शिकागो डिफेंडर’ हे रॉबर्ट ॲबट यांनी १९०५ साली काढलेले कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र रेल्वेतील कृष्णवर्णीय नोकर दक्षिणेत गुपचूप पोहोचवीत. त्यात उत्तरेकडील कामाच्या जाहिराती असत, मजुरीचे दर असत, दक्षिणेत झालेल्या अत्याचारांच्या बातम्या असत. गावात ज्याला वाचता येई तो इतरांस वाचून दाखवी, आणि एकच अंक पंधरा-वीस घरे फिरे. पुष्कळ मळेवाल्यांनी आपल्या हद्दीत हे पत्र येऊ नये म्हणून खटपट केली. एखादे वृत्तपत्र मालकाला बंदुकीहून भयंकर का वाटावे, हे या पाक्षिकाच्या वर्गणीदारांना निराळे सांगावयास नको.

शिकागोत मडी यांना अल्पावधीतच कागदी खोकी बनविणाऱ्या कारखान्यात काम मिळाले. दुपारी लागून रात्री सुटणारी पाळी, आणि मजुरी दर आठवड्याला रोख हातात. खावटी नाही, वही नाही. पाळी सुटली की उरलेला वेळ आपला. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व कोणी लिहीत नाही. मळ्यावर गाणे शनिवारच्या रात्रीपुरतेच होते, कारण उरलेला सारा काळ मालकाचा होता. शहरात त्यांनी प्रथम घरगुती मेजवान्यांत वाजविले. भाडे थकले की एखादे कुटुंब घरी गाणेबजावणे ठेवी, येणारे लोक थोडे पैसे देत आणि त्यातून भाडे निघे. पुढे बिग बिल ब्रून्झी या प्रथितयश गायकांनी आपल्या कार्यक्रमापूर्वी त्यांना वाजवू दिले. ब्रून्झी स्वतः दक्षिणेतूनच आलेले. वर पोहोचलेल्या माणसाने शिडी वर ओढून घेऊ नये, हे त्यांना कळत होते. मडी यांनी हे उपकार जन्मभर मानले.

शिकागो म्हणजे स्वर्ग होता, असे म्हणण्याचा आमचा मानस नाही. १९४० साली तेथे सुमारे २ लाख ७८ हजार कृष्णवर्णीय होते. १९५० साली ते ४ लाख ९२ हजार झाले. एवढी माणसे दक्षिण भागातील एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंबली गेली, कारण बाकीच्या वस्त्यांतील घरमालकांनी कृष्णवर्णीयांस घर विकावयाचे नाही असे करार आपसात नोंदवून ठेवले होते. न्यायालये हे करार अमलात आणीत. सर्वोच्च न्यायालयाने ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात त्याला बंदी केली ती १९४८ च्या मे महिन्यात, आणि त्यानंतरही वस्त्या फुटावयास फार काळ लागला. एका खोलीत एक कुटुंब, मजल्याला एक शौचकूप, अशी राहणी होती. मालक येथेही होते. फरक एवढाच की, येथला मालक नकोसा झाला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारी जाता येत होते.

या दाटीतूनच त्यांच्या वाद्याला वीज लागली. दक्षिण भागातील गुत्ते गोंगाटाने भरलेले असत. साध्या गिटारचा आवाज तीन मेजांपलीकडे पोहोचत नसे. युद्ध संपण्याच्या सुमारास त्यांच्या एका नातलगाने त्यांना विजेवर चालणारी गिटार मिळवून दिली. आजही काही रसिक विजेच्या गिटारला मूळ ब्लूजचा बिघाड मानतात. १९५८ साली मडी इंग्लंडला गेले तेव्हा तेथल्या काही समीक्षकांचे कान किटले होते, कारण त्यांना मळ्यावरचा मजूर ऐकावयाचा होता. मजुराने मात्र ऐकू जाण्यासाठीच वीज लावली होती.

पुढची पाच वर्षे यश दारापर्यंत येऊन परतत राहिले. १९४६ साली कोलंबिया या मोठ्या कंपनीने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि बासनात ठेवून दिली. त्याच सुमारास एका लहान कंपनीने त्यांचे ‘मीन रेड स्पायडर’ हे गाणे तबकडीवर काढले, पण तिच्यावर नाव छापले दुसऱ्याच गायकाचे. आपला आवाज आणि परक्याचे नाव! उदरनिर्वाहासाठी ते खिडक्यांचे पडदे घरोघरी पोहोचविणारा ट्रक चालवीत होते. १९४७ साली ॲरिस्टोक्रॅट या नव्या कंपनीकडून बोलावणे आले तेव्हा ते ट्रकवरच होते. निरोप घेऊन आलेल्या मित्राने त्यांना रस्त्यात गाठले आणि नातलगाचा खून झाल्याची थाप मारून त्यांनी रजा मिळविली. ते ध्वनिमुद्रणही फारसे खपले नाही. कंपनीचे भागीदार लिओनार्ड चेस हे पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबातले. या गायकाचे शब्द आपल्याला कळत नाहीत, हे कोण विकत घेणार, अशी त्यांची कुरकूर होती. कंपनीच्या दुसऱ्या भागीदार एव्हलिन ॲरन यांनी मडी यांची बाजू धरली.

१९४८ च्या एप्रिलमध्ये दोन गाण्यांची एक तबकडी निघाली: एका बाजूस ‘आय कांट बी सॅटिस्फाइड’, दुसऱ्या बाजूस ‘आय फील लाइक गोइंग होम’. एक-दोन दिवसांत पहिली आवृत्ती संपली. येथे वाचकांनी लक्ष द्यावे. ही गाणी नवी नव्हती. १९४१ साली खोपटात लोमॅक्स आणि वर्क यांच्यापुढे जी दोन गाणी मडी यांनी गायिली होती, तीच ही, नावे बदललेली. गळा तोच, चाल बहुतांशी तीच. १९४१ साली त्या गाण्यांचे मोल वीस डॉलर आणि दोन प्रती एवढे ठरले. सात वर्षांत गाण्यात असे काय वाढले?

गाण्यात थोडे वाढले. भोवतालचे पुष्कळ बदलले. ही तबकडी विकत घेणारे लोक तेच होते, मिसिसिपीच्या मळ्यावरून मडी यांच्याप्रमाणेच गिटार नाहीतर ट्रंक घेऊन आलेले. मळ्यावर असताना त्यांच्या खिशात तबकडीचे पैसे नव्हते. शिकागोत आठवड्याची मजुरी होती, आणि ती कशावर खर्च करावयाची हे सांगणारा मुकादम नव्हता. त्यांनी आपल्या गावचा आवाज विकत घेतला. हा आवाज कोणाला समजणार ही चेस यांची शंका त्या गर्दीने दोन दिवसांत निकालात काढली. ज्या समाजाच्या हाती रोख पैसा आणि जाण्यायेण्याची मोकळीक येते, तो आपले गायक स्वतः निवडतो, हे आमचे साधे म्हणणे आहे.

म्हणूनच ‘दुःखाच्या मातीतच असे गाणे उगवते’ हे सुसंस्कृत बैठकांतून वारंवार ऐकू येणारे वचन आम्हास चीड आणते. बोलणारा सद्भावनेने बोलतो हे खरे. पण त्याच्या बोलण्याचा सरळ अर्थ असा होतो की, मळा होता हे एका परीने बरेच झाले. दुःखच जर गाणे निर्माण करीत असते, तर स्टोव्हॉल मळ्यावरील प्रत्येक माणूस मडी वॉटर्स झाला असता. तेथे जन्मलेल्या आणखी किती जणांजवळ तसा गळा होता? घोडा विकावयाला नव्हता म्हणून किती जणांना गिटार मिळाली नाही? हिशेबाचे देणे फिटले नाही म्हणून कितीजण स्थानकापर्यंत पोहोचले नाहीत? त्यांच्या तबकड्या नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर पुस्तकेही नाहीत. दुःखाचे गुणगान करणाऱ्याने आधी या लोकांची यादी करावी.

मडी गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४४ रोजी, क्लार्क्सडेलजवळच्याच हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. चांगला वेचणारा तासाला सुमारे २० रत्तल कापूस वेची. यंत्र सुमारे १,००० रत्तल वेचत होते. जे मालक मजुरांना जाऊ देत नव्हते त्यांना पुढील वीस वर्षांत मजूर नकोसे झाले आणि खोपटी ओस पडली. अडीच सेंट नाकारणाऱ्या मुकादमाची गरजही फार दिवस उरली नाही.

मडी यांचे खोपटे मात्र टिकले. त्यांच्या कीर्तीनंतर लोक ते पाहावयास येऊ लागले. त्याच्या एका फळीपासून एका प्रसिद्ध वादकाने गिटारही बनवून घेतली. मग ते मळ्यावरून उचलून प्रदर्शनासाठी गावोगाव फिरविण्यात आले. आता ते क्लार्क्सडेल येथील डेल्टा ब्लूज संग्रहालयात आहे. ते संग्रहालय १९९९ पासून ज्या इमारतीत आहे ती १९१८ साली बांधलेली, रेल्वेच्या मालधक्क्याची.